रोटरी, लायन्स वगैरे क्लबात जावं का? मीटिंगा, वर्गणी आणि प्रत्यक्ष काम

कडेपठारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलोय आणि वडिलांचं इलेक्ट्रिकचं दुकान बघतोय. गाव तालुक्याचं, सातारा जिल्ह्यातलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे रोटरी एक आणि लायन्स एक, दोन वाक्यांत माणसं ओळखली जातील.

तर दोन्हीकडून बोलावणं आलंय. रोटरीवाले म्हणाले, "तुमच्या व्यवसायाचं आमच्याकडे सध्या कोणी नाही, याच." लायन्सवाले म्हणाले, "जूनच्या आत फॉर्म भरा." घाई कसली ते कळलं नाही. वडिलांचं म्हणणं, लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या असतील तर आधी दुकानाची उधारी वसूल कर. बायको म्हणते जा, निदान आठवड्यातून एकदा दुकानाबाहेरच्या माणसांशी बोलशील.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. ओळखी वाढल्या तर धंद्याला बऱ्या, हेही मनात आहे. पण नुसतं तेवढंच असेल तर व्यापारी असोसिएशन आहेच की. बाहेरून मला दिसतं ते एवढं: जुलैमध्ये मोठा पदग्रहण समारंभ, शाल-श्रीफळ, मग वर्षभर पेपरात फोटो. आत नक्की काय चालतं? दर आठवड्याला भेटून करतात काय? पैसे किती जातात आणि कुठे जातात? आणि हाताने करायचं काही काम असतं, की चेक देऊन मोकळं व्हायचं? आत असलेल्यांनी, आणि आत जाऊन बाहेर पडलेल्यांनी तर जरूर लिहा.

पेठकर

जा बिनधास्त. महिनाभरात तीन विमा एजंट आणि दोन म्युच्युअल फंडवाले जिवलग मित्र होतील.

जुना_सेक्रेटरी

पेठकरांनी सांगितलेला धोका खरा आहे. :) मी रोटरीत बरीच वर्षं आहे, सेक्रेटरीपद केलंय, म्हणजे हमालीची माहिती आहे.

मीटिंग साधारण तासाभराची. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होतं, चार प्रश्नांची कसोटी (बोलण्या-वागण्याआधी स्वतःला विचारायचे चार प्रश्न) म्हटली जाते, सभासदांचे वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस होतात. सार्जंट-ॲट-आर्म्स नावाचा एक पदाधिकारी असतो, तो उशिरा आलेल्यांना, बिल्ला विसरलेल्यांना दंड करतो. लायन्सकडे हेच काम टेल ट्विस्टर करतो. दंडाचे पन्नास-शंभर रुपये डब्यात. मग वक्ता, वीस-पंचवीस मिनिटं. कधी हृदयरोगतज्ज्ञ, कधी नर्मदा परिक्रमा करून आलेले गृहस्थ. मग सेक्रेटरीच्या सूचना, आभार, जेवण. पूर्वी हजेरीचा फार बडगा होता, चुकलं तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन हजेरी भरून काढायची. २०१६ मध्ये नियम सैल झाले, आता महिन्याला दोन मीटिंगा झाल्या तरी चालतं. पण या मीटिंगा बघून क्लब पारखू नका. काम ठरतं ते महिन्याच्या बोर्ड मीटिंगमध्ये. तिथे फराळाच्या पिशव्या कोण आणणार इथपासून बोअर कुठे मारायचं इथपर्यंत वाद होतात. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी पाहुणा म्हणून दोन-तीनदा जा आणि मागच्या वर्षीच्या बोर्डाची मिनिट्स (सभेचं इतिवृत्त) बघायला मागा. द्यायला खळखळ केली तर समजून घ्या.

जूनच्या घाईचं गुपित सांगतो. आमचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, लायन्सचंही तेच. ३० जूनला अध्यक्ष उतरतात, आणि उतरताना सभासदसंख्या किती वाढवली यावर वर डिस्ट्रिक्टमध्ये शाबासकी ठरते. म्हणून जूनमध्ये फॉर्म फिरतात. रोटरीत १ जुलै आणि १ जानेवारीला डोकी मोजून आंतरराष्ट्रीय वर्गणीचं बिल येतं, तेही डॉलरच्या हिशेबात. त्यामुळे गंमत अशी की वर्गणी थकवणाऱ्यांना काढायची घाईही याच दोन तारखांच्या आधी होते. म्हणजे जूनमध्ये एका दाराने माणसं आत, दुसऱ्याने बाहेर.

डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी जिल्हा समजू नका, तो आसपासच्या क्लबांचा गट, त्याला नंबर असतो. पुणे-रायगडचा ३१३१. ३१७० मध्ये कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा एकत्र नांदतात, सीमावाद आमच्यापुरता मिटलेला आहे.

आडवा_प्रश्न

माझा अनुभव बाहेरून बघणाऱ्याचा. सरकारी दवाखान्यात आई दाखल होती तेव्हा एका क्लबची मंडळी केळी वाटायला आली. एका पेशंटला एक केळं, आणि त्या केळ्याला हात लावलेले सात जण. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, इकडे बघा." आजीला सलाईन लावलेलं.

दुसरं म्हणजे झाडं. आमच्या भागातल्या रस्त्याला दर जुलैत वृक्षारोपण होतं. झाडं जगत नाहीत पण लोखंडी जाळ्या टिकतात, आणि जाळीवर अध्यक्षाचं नाव असतं. त्या रस्त्याने चालत गेलं की क्लबाची माजी अध्यक्षांची यादी ओळीने वाचता येते.

चार प्रश्नांची कसोटी म्हणे! हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थांनी १९३२ साली भांड्यांची बुडती कंपनी वाचवायला ती तयार केली. त्यातला दुसरा प्रश्न "सर्व संबंधितांना न्याय्य आहे का?" असा आहे ना? पदग्रहणाच्या जेवणावळीचा खर्च आणि वर्षभराच्या प्रकल्पांचा खर्च शेजारी शेजारी लिहून हाच प्रश्न एकदा विचारा.

शेवंता

आडवा_प्रश्न, केळ्यांचं अगदी खरं. आमच्यातही असले कार्यक्रम झालेत.

मी इनर व्हीलची. नवरा रोटरीत, म्हणून आधी त्यांच्या मीटिंगांना नटूनथटून जाणं एवढंच काम होतं. इनर व्हील ही रोटेरियनांच्या बायकांनी काढलेली संस्था, मँचेस्टरला १० जानेवारी १९२४ रोजी मार्गारेट गोल्डिंग यांच्या पुढाकाराने. खुद्द रोटरीत बायकांना सभासदत्व मिळायला १९८९ उजाडलं, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर. लायन्सने १९८७ मध्ये दार उघडलं. जगाच्या रोटरीची पहिली महिला अध्यक्ष २०२२ मध्ये झाली, जेनिफर जोन्स. एवढा उशीर कशाला लागला ते विचारू नका, उत्तर देणारे सगळे पुरुष आहेत.

हाताने करायचं काम असतं का, तर असतं, पण ते मागून घ्यावं लागतं. आम्ही आधी शाळांना सॅनिटरी पॅड जाळायची यंत्रं दिली. उद्घाटन झालं, फीत कापली. पुढच्या वर्षी सहज गेले तर एका शाळेत यंत्र खोक्यात परत घातलेलं, कारण त्या बाजूला प्लगच नव्हता. दुसरीकडे शिपाईमामांना ते चालवायची लाज वाटत होती आणि मुलींना किल्ली मागायची. मग आम्ही यंत्रं देणं थांबवलं. आता आधी शाळेत जाऊन मुलींशी आणि बाईंशी बोलतो. बहुतेक ठिकाणी त्यांना हवं असतं ते म्हणजे संडासाला आतून कडी, नळाला पाणी आणि झाकणाची बादली. यात फोटो काय काढणार? कडीचा? म्हणून आमच्या वार्षिक अहवालात हा प्रकल्प अर्ध्या ओळीत आहे. पण दर महिन्याला दोघी दोघी जाऊन बघून येतो आणि कडी निखळली असेल तर सुतार पाठवतो.

कडेपठारी, दुकान इलेक्ट्रिकचं आहे ना? मग तुम्हाला पहिल्याच महिन्यात झेडपी शाळांच्या वायरिंगला जुंपणार बघा.

कडेपठारी

ताई, वायरिंग चालेल, ते जमतं मला. :) पण पैशाचं कोणीच नीट सांगत नाहीये. विचारलं की "फार नाही हो, होऊन जातं" असं उत्तर मिळतं. होऊन जातं म्हणजे किती?

हिशेबनीस

मी सीए. तीन-चार क्लबांचे हिशेब तपासतो, सभासद एकाचाही नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आकडा गावागणिक बदलतो म्हणून देत नाही, पण घटक सांगतो. प्रवेश फी एकदाच. मग वार्षिक वर्गणी, तिच्या पोटात आंतरराष्ट्रीय वाटा, डिस्ट्रिक्टचा वाटा, मासिक आणि क्लबाचा खर्च. जेवणाचे पैसे काही क्लब वर्गणीत धरतात, काही वेगळे घेतात, हे आधी विचारा. आणि पावतीवर कधीच न दिसणारा घटक म्हणजे "सप्रेम भाग". डिस्ट्रिक्ट कॉन्फरन्सची नोंदणी, एकसारखे ब्लेझर, नाटकाची दहा तिकिटं, स्मरणिकेत अर्धं पान जाहिरात. खरा खर्च इथे असतो. लायन्समध्ये एकाच घरातल्या पुढच्या सभासदांना आंतरराष्ट्रीय वर्गणी अर्धी असते. त्यामुळे बायको, मुलगा, सून यांची नावं यादीत दिसतात आणि मीटिंगला कोणी दिसत नाही.

जायंट्स या सेवाक्लबाचा पर्यायही बघा. मुंबईचे नगरपाल राहिलेले नाना चुडासमा यांनी १९७२ मध्ये मुंबईतच तो सुरू केला. मूळ इथलंच.

आता गोळा केलेल्या पैशांबद्दल. कुठल्याही क्लबात दोन वेगळी खाती हवीत. सभासदांच्या वर्गणीचं एक, त्यातून जेवण, घंटा, बिल्ले, फुलं. लोकांकडून सेवेसाठी घेतलेल्या पैशांचं दुसरं, त्यातला रुपयाही पहिल्या खात्याकडे वळता कामा नये. लायन्सचा तर हा लेखी दंडक आहे. बऱ्याच क्लबांचा स्वतंत्र ट्रस्ट असतो, धर्मादाय कार्यालयात नोंदलेला आणि ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट) असलेला. त्याबद्दल तीन गोष्टी विचारा. विश्वस्त बदलले की बदल अर्ज वेळेत जातो का? नव्वद दिवसांची मुदत असते आणि दर वर्षी माणसं बदलणाऱ्या संस्थांत हेच हमखास राहतं. मग दहा वर्षांनी बँक म्हणते, तुमच्या कागदावर अजून दोन मयत विश्वस्त आहेत. दुसरं, देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत जातं का? २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून नुसत्या छापील पावतीवर सूट मिळत नाही. ट्रस्टने विवरण भरून प्रमाणपत्र काढून द्यावं लागतं. तिसरं, रोख. दोन हजारांच्या वर रोख देणगीला ८०जी नाही, तरीही लोक पाकीट पुढे करतात आणि क्लब घेतात.

नाटकाचा एक प्रयोग विकत घेऊन निधी उभारायची पद्धत तुमच्याकडेही असेल. त्याचा ताळेबंद मी अनेकदा बघितलाय. नाटक कंपनीची प्रयोगाची रक्कम, थिएटर, जेवणखाण, गाडी धरली तर तिकिटांतून जेमतेम तोंडमिळवणी होते. उरतं ते स्मरणिकेच्या जाहिरातींतून. म्हणजे गावातले तेच वीस दुकानदार. सराफ, बिल्डर, दोन हॉस्पिटलं, पतसंस्था. गणपतीलाही तेच, शाळेच्या स्नेहसंमेलनालाही तेच. कडेपठारी, आता त्यांत तुम्ही एकविसावे.

कट्ट्यावरचा_डॉक्टर

या धाग्यावर यायचं टाळत होतो, पण शिबिरांबद्दल लिहितोच.

रक्तदान शिबिर हा क्लबांचा सगळ्यात आवडता कार्यक्रम, आणि चांगला आहे. पण रक्त साठवून ठेवण्याला मर्यादा आहे. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर ५ दिवस. १५ ऑगस्टला, १ जुलैला आणि नेत्यांच्या वाढदिवसांना गावात एकाच दिवशी चार-चार शिबिरं होतात. माणसांनी एकदा दिलं की पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने पुन्हा देता येत नाही. सगळे दाते एकदम वापरून झाले की पुढे खडखडाट. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, लोक गावाला, लग्नसराई, आणि रक्तकेंद्रवाले फोन करकरून दमतात. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना मे महिन्याची सुट्टी नसते.

भेटवस्तूंवरून माझी अनेकांशी भांडणं झाली आहेत. हेल्मेट, ट्रॉली बॅग, मिक्सर! वस्तूच्या आशेने माणूस कावीळ झालेली लपवतो, वजन ४५ किलोच्या आत असलं तर खिशात दगड घालतो. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली म्हणून परत पाठवलं की "बॅग तरी द्या" म्हणून वाद. चहा, बिस्किट, प्रमाणपत्र एवढं पुरे.

मोतीबिंदूचं मात्र क्लबांनी मनावर घेतलं तर फार होतं. लायन्सचं डोळ्यांशी नातं जुनं आहे. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये ओहायोतल्या त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा म्हणून आवाहन केलं होतं, तेव्हापासून. पूर्वी शाळेच्या वर्गात टेबलं मांडून ऑपरेशनं व्हायची, जंतुसंसर्गाच्या प्रकारांनंतर ते थांबलं. आता शिबिरात फक्त तपासणी, ऑपरेशन रुग्णालयाच्या थिएटरमध्येच. सेवाक्लबाची जागा या दोन्हींच्या मध्ये आहे. तपासणीत मोतीबिंदू निघालेल्या माणसांतली बरीच पुढे येतच नाहीत. आजोबांना कोण नेणार, रात्री सोबत कोण राहणार, साखर वाढलेली आहे ती आधी कोण आटोक्यात आणणार, ऊसतोड चालू आहे मग मुलगा कसा येणार. आणि ऑपरेशननंतर महिना-दीड महिना थेंब घालायचे असतात ते घालतंय कोण. ज्या क्लबाने दहा सभासदांना पाच-पाच म्हातारी माणसं वाटून दिली, नाव-गाव-फोनसकट, त्यांचं काम मी बघितलंय. गाडी पाठवणं, परत सोडणं, तिसऱ्या दिवशी आणि महिन्याने तपासणीला आणणं. हे सगळं पाचशे जणांची साखर तपासून सोडून देण्यापेक्षा कितीतरी मोलाचं. मधुमेह आहे हे चिठ्ठीवर लिहून दिलं आणि पुढचं कोणी बघितलं नाही, तर त्या माणसाला आपण फक्त काळजी वाटली.

आडवा_प्रश्न

डॉक्टर, शेवंताताई, तुमचं मान्य. पण मग तुम्ही दोघं जे चांगलं म्हणताय ते सगळं एका वर्षाच्या पलीकडे जाणारं आहे, आणि क्लबाची रचनाच एका वर्षाची आहे. अध्यक्ष एक वर्ष, डिस्ट्रिक्टचा गव्हर्नर एक वर्ष, जागतिक अध्यक्षही एक वर्ष. प्रत्येकाला आपली नवी घोषणा, आपलं बोधचिन्ह आणि आपला "सिग्नेचर प्रोजेक्ट" हवा. मागच्याची विहीर पूर्ण करण्यात कोणाला रस? गव्हर्नरची भेट महिन्यावर आली की घाईघाईने काहीतरी उद्घाटनाला तयार करायचं. माझा राग केळ्यांवर नाहीच मुळी, या जुलै ते जूनवर आहे.

जुना_सेक्रेटरी

हे बरोबर बोललात, आणि मी आत असून म्हणतो. वर्षाचं पद ठेवण्यामागे कारण आहे. एकच शेठ वीस वर्षं खुर्चीला चिकटू नये. सहकारी संस्थांच्या मुलखात राहणाऱ्यांना त्याचं महत्त्व सांगायला नको. पण किंमतही मोजावी लागते.

तरी पोलिओ बघा. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस जाहीर केलं. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओ. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासकट आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. या काळात जगात आणि गावात मिळून किती अध्यक्ष आले-गेले, पण विषय बदलायची मुभा कोणालाच नव्हती. लस पाजली ती अंगणवाडी सेविकांनी, आशाताईंनी आणि सरकारी आरोग्य खात्याने, हे मी आमच्या मीटिंगांतही म्हणतो आणि काहींना आवडत नाही. रोटरीने पैसा लावला, सरकारांच्या मागे लकडा लावला, आणि आमच्यासारख्यांनी रविवारी बूथवर टेबल-खुर्च्या, पाणी, पोरांना शिट्ट्या, करंगळीला शाई लावायचं काम केलं. शिट्टीसाठी पोरं धावत यायची, हे मात्र खरं.

गावपातळीवर आमच्याकडे एक उपाय चाललाय. चालू, पुढचा आणि त्यापुढचा असे तीन अध्यक्ष एकत्र बसून दोन प्रकल्प ठरवतात, ते तीन वर्षं हलवायचे नाहीत. बाकी हौसमौज ज्याची त्याने करावी.

घाटावरचा

माझा मुलूख माण-खटावकडचा. आमच्याकडे क्लबाचं जे एक काम दर वर्षी न चुकता होतं ते म्हणजे वनराई बंधारे. मोहन धारियांच्या वनराईचं नाव पडलेला प्रकार. कृषी खात्यालाही परिचयाचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, दाभणाने शिवायच्या आणि ओढ्यात एकावर एक, सांधे चुकवून रचायच्या. पाऊस संपत आला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ओढा वाहता असतानाच करायचं. उशीर केला तर अडवायला पाणीच नसतं. पुढे दोन-तीन महिने पाणी थांबतं, ज्वारीला एखादं पाणी मिळतं, जनावरांची सोय होते, जवळच्या विहिरींना पाझर फुटतो. पुढच्या पावसात वाहून जातो, परत बांधायचा.

म्हणजे दर वर्षी नवा अध्यक्ष, दर वर्षी नवा बंधारा, दोघांचं आयुष्य सारखंच! त्यामुळे आमच्याकडे कोणाचा अहंकार दुखावत नाही.

पण गावाला धरूनच करा. पहिल्यांदा क्लबाची माणसं एसी गाड्यांतून उतरली, टोप्या-टीशर्ट घातले, अर्ध्या तासात निम्मे बीपीवाले सावलीत. गावकरी बाजूला उभं राहून मजा बघत होते. आता आधी ग्रामसभेत विषय घेतो, जागा त्यांची, मेहनत बहुतेक त्यांची. क्लबाकडे गोण्या जमवायचं काम (बांधकाम ठेकेदार सभासद असतातच), सुतळी, दाभणं आणि जेवण. डब्यात भाकरी आणि पिठलं, केटरर नाही. कॉलेजची एनएसएसची पोरं आली तर दुपारपर्यंत उरकतं.

मिशिगनवासी

माझं गाव वाळव्याकडचं, इथे अमेरिकेत रोटरीत आहे. भारतातल्या क्लबांशी मिळून ग्लोबल ग्रँट (रोटरीच्या निधीतून मिळणारं मोठं अनुदान) करतो, त्यातलं लिहितो. किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प लागतो, दोन देशांतले क्लब लागतात आणि आधी गावाच्या गरजेची पाहणी लेखी द्यावी लागते. ही पाहणी बरेच जण घरी बसून लिहितात, वाचल्यावर कळतं.

आपल्याकडून येणारा लाडका प्रस्ताव डायलिसिस मशीनचा. मशीन देणं सोपं. एका पेशंटला एका वेळी चार तास, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि दर वेळी शंभर लिटरहून जास्त शुद्ध केलेलं पाणी. आरओ प्लांटची देखभाल कोण करणार? तंत्रज्ञाचा पगार? लाइट गेली तर? हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत आहे का, नसेल तर गरीब माणूस तिथे कसा येणार? ही चार उत्तरं नसलेला प्रस्ताव आम्ही परत पाठवतो. मग फोन येतो, "अहो, आपल्याच माणसांना अडवता!"

आणि इथून कोणी भाबडेपणाने तुमच्या ट्रस्टच्या खात्यावर थेट डॉलर पाठवू म्हणालं तर थांबवा. एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी नसेल तर भलतंच झेंगट.

हिशेबनीस

झेंगट हा सौम्य शब्द आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असली तरी परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. कडेपठारी, तुमच्या क्लबाने एफसीआरए हा शब्द ऐकलेला नसेल तर ग्रँटच्या गप्पा ऐकून फार खूश होऊ नका.

कडेपठारी

सगळ्यांचे आभार. दरम्यान दोन्हीकडे पाहुणा म्हणून जाऊन आलो. रोटरीत वक्ते होते मधमाश्यापालनावर, छान बोलले. मिनिट्स मागितल्यावर अध्यक्षांनी भुवया उंचावल्या, पण सेक्रेटरीने फाइलच आणून दिली. हिशेब दोन खात्यांत आहेत. मागच्या वर्षीच्या शाळेच्या प्रकल्पावर या वर्षी एकही नोंद नाही. लायन्समध्ये माणसं जास्त मोकळी वाटली, जेवणही बरं होतं, पण हिशेब "आमचे खजिनदार बघतात" यापुढे गेला नाही. मोतीबिंदूची गाडी मात्र त्यांची दर महिन्याला खरंच जाते, ड्रायव्हर आमच्या दुकानातच येतो, त्यानेच सांगितलं.

जूनमध्ये फॉर्म भरत नाहीये. सप्टेंबरपर्यंत बघतो. तोवर त्या शाळेत जाऊन वायरिंग बघून येईन, त्याला सभासद कशाला व्हायला हवं.

शेवंता

नाही ना हवं. पण मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन जा, नाहीतर केंद्रप्रमुख विचारतील तुम्ही कोण. आणि अर्थिंग आधी बघा.

आडवा_प्रश्न

डॉक्टर, एक विचारायचं होतं. आमच्या सोसायटीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत मिळून मे महिन्यात रक्तदान घ्यायचं म्हणतोय. क्लब वगैरे काही नाही, बॅनरही नाही. चालेल का? तुमच्या पोस्टमुळेच डोक्यात आलं.

जुना_सेक्रेटरी

बघा, झाला की सभासद!

आडवा_प्रश्न

बिल्ला पाठवू नका.

कट्ट्यावरचा_डॉक्टर

जरूर चालेल. परवानाधारक रक्तकेंद्राशी महिनाभर आधी बोला, तारीख त्यांना विचारून ठरवा. बाटल्या किती लागतील तेही त्यांनाच विचारा आणि तेवढ्यावर थांबा. उरलेल्या दात्यांची नावं-फोन लिहून त्यांना द्या, ऑगस्टनंतर कामी येतील. मे आहे म्हणून सकाळी सातला सुरू करून अकराला बंद करा. कूलर हवेत, नुसत्या पंख्यांनी भागत नाही. आदल्या रात्री सगळ्यांना व्यवस्थित जेवून झोपायला सांगा, सकाळी उपाशीपोटी कोणी यायचं नाही. लिंबू सरबत तुमच्याकडे, बिस्किटं रक्तकेंद्रवाले आणतात. तारीख ठरली की इथे टाका.